जेडच्या छटा : एका तबकडीचा रसास्वाद

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी ‘कमवा आणि शिका’ योजनेत मला ग्रंथालयातले काम मिळाले. एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकांबरोबर दोन खोकी भरून जुन्या तबकड्या आणि त्या वाजविण्याचे यंत्रही महाविद्यालयाला भेट दिले होते. तबकड्या पुसायच्या, त्यांची नावे नोंदवहीत लिहायची, पाठीवर क्रमांक चिकटवायचा, एवढेच माझे काम. बहुतेक तबकड्या नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या होत्या. त्यांत एक अमेरिकन तबकडी निघाली. नाव ‘सेव्हरल शेड्स ऑफ जेड’, म्हणजे जेडच्या अनेक छटा. जेड हा हिरवट, गुळगुळीत दगड. चीनमध्ये त्याला रत्नाचा मान आहे. वादक कॅल चेडर, वाद्य व्हायब्राफोन, कंपनी व्हर्व्ह, वर्ष १९६३. नोंदवहीत ‘प्रकार’ असा एक रकाना आहे. त्यात काय लिहावे ते मला समजेना, म्हणून मी ती तबकडी लावून ऐकली. एकदा ऐकून समजले नाही म्हणून पुन्हा ऐकली. पुढे समजण्याचा प्रश्न मागे पडला आणि ऐकण्याची सवयच लागली.

आमच्या संगीत मंडळाची श्रवणबैठक दर गुरुवारी दुपारी असते. एका गुरुवारी मी धीर करून हीच तबकडी लावली आणि हे पौर्वात्य वळणाचे जाझ आहे असे दोन शब्द बोललो. बैठकीला आलेल्या एका ज्येष्ठ सरांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले व विचारले, “नावे सोडली, तर यात पूर्वेचे काय आहे?” मला उत्तर देता आले नाही. मी खाली बसलो. मागच्या बाकावर कुणीतरी हसले. सरांचा हेतू मला गप्प करण्याचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. पण प्रश्न मनात रुतून बसला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे. मी संगीताचा विद्यार्थी नाही. माझ्याकडे आहेत ते दोन कान, आणि ग्रंथालयात पुस्तके चाळण्याची मुभा.

प्रथम वाद्याविषयी. आपल्यापैकी अनेकांनी व्हायब्राफोनचा आवाज जुन्या हिंदी चित्रपटगीतांत ऐकलेला असतो, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने अल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या मांडलेल्या असतात. साधारणपणे ३७, म्हणजे तीन सप्तके. वादक सूत गुंडाळलेल्या गोळ्यांच्या काठ्यांनी त्यांवर आघात करतो. प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी असते आणि नळीच्या तोंडाशी एक वाटोळी चकती. या साऱ्या चकत्या दांड्यांवर बसवलेल्या असून एक छोटी विजेची मोटार ते दांडे फिरवते. चकत्या नळ्यांची तोंडे उघडतात, झाकतात, आणि त्यामुळे स्वर पाण्यावरच्या लाटेसारखा लहान-मोठा होत राहतो. पायाशी एक पेडल असते. ते दाबले की स्वर घुमत राहतो, सोडले की जागच्या जागी थांबतो.

हे वाद्य १९२० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. जाझमध्ये त्याला लायोनेल हॅम्प्टनने १९३० च्या सुमारास आणले व पुढे मिल्ट जॅक्सनने मोटारीची गती कमी करून त्याला जवळजवळ माणसाच्या गळ्याचा कंप दिला. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर जलतरंग घ्यावा. चिनी मातीचे पेले, त्यांत कमी-अधिक पाणी आणि दोन काड्या. तेथेही स्वर आघाताने जन्मतो आणि लगेच विझू लागतो.

येथेच एक अडचण आहे आणि ती सरांच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. व्हायब्राफोनवर मींड निघत नाही. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडीच मारावी लागते. मधली वाट नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागे हाही एक आक्षेप होता. मग ज्या वाद्यावर मींड नाही, गमक नाही, श्रुती नाहीत, त्यावर पूर्वेचे संगीत वाजवायचे कसे? वादकाच्या हाती तीनच गोष्टी उरतात. आघात केव्हा करायचा, किती जोराने करायचा, आणि घुमणारा स्वर केव्हा बंद करायचा. चेडरचे सारे वैशिष्ट्य या तीन गोष्टींत आहे. तो स्वरांची गर्दी करत नाही. एक छोटा वाक्यांश वाजवतो, तो विरत जाईपर्यंत थांबतो, आणि मग पुढचा उचलतो. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले, याला फारसे काही येत नसावे.

आता हा माणूस कोण? कॅल चेडरचा जन्म १९२५ चा, अमेरिकेतील सेंट लुइसचा. घराणे स्वीडिश वंशाचे. आई-वडील रंगमंचावरचे कलावंत. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात नृत्यशाळा काढली. हा मुलगा लहानपणी टॅप नृत्य करीत असे, म्हणजे लोखंडी नालाच्या बुटांनी जमिनीवर ताल वाजवीत असे. त्याचा ताल पायांतून हातांत आला असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून पॅसिफिकमध्ये होता. युद्धानंतर तो सॅन फ्रान्सिस्कोला महाविद्यालयात दाखल झाला, आणि तेथे डेव्ह ब्रुबेकच्या संचात ड्रम वाजवू लागला. १९५३ मध्ये तो जॉर्ज शिअरिंगच्या संचात गेला. न्यूयॉर्कमध्ये पॅलेडियम नावाचे नृत्यगृह होते. तेथे टिटो प्वेन्ते आणि माचितो यांचे क्युबन वळणाचे वाद्यवृंद वाजत. चेडर तेथे गेला, आणि परत आल्यावर १९५४ मध्ये त्याने स्वतःचा माम्बो संच काढला. १९५८ मध्ये मोंगो सांतामारिया आणि विली बोबो हे प्वेन्तेकडचे दोन पट्टीचे तालवादक त्याच्या संचात आले.

म्हणजे लक्षात घ्या, हा माणूस मुळात क्युबाचाही नव्हे आणि स्पॅनिश भाषकही नव्हे. लॅटिन संगीत हे त्याचे घर नव्हते. तरी जन्मभर तो त्यातच राहिला. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

लॅटिन जाझ म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नीट कळले नव्हते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये माचितोचा वाद्यवृंद, आणि नंतर डिझी गिलेस्पी व चानो पोसो यांनी क्युबन ताल आणि जाझचे स्वरविधान एकत्र आणले, हा इतिहास मी पाठ केला होता. पण त्या तालाचा कणा म्हणून ज्याचा उल्लेख सगळीकडे येतो, तो ‘क्लाव्हे’ काही डोक्यात शिरेना. क्लाव्हे म्हणजे दोन छोट्या लाकडी काड्या, आणि त्यांवर वाजवायचा पाच ठोक्यांचा साचाही. शेवटी मी तो तीनतालाच्या सोळा मात्रांवर मांडून पाहिला. ठोके येतात १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर. वाचकांनी टेबलावर बोटाने वाजवून पाहावे. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, दुसऱ्या आठांत दोन. पहिले अर्धे पुढे झुकते, दुसरे मागे टेकते. गंमत अशी की तीनतालाची खाली जेथे पडते, त्या नवव्या मात्रेवर क्लाव्हेही गप्प असतो. अर्थात हा योगायोग आहे. मी त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही. शिवाय क्लाव्हेला आपल्यासारखी सम नाही, पुन्हा एकदा एकावर येऊन ‘आले!’ म्हणायचे असे काही नाही. तो फक्त चालू राहतो. पुष्कळदा तर प्रत्यक्ष वाजतही नाही, पण संचातला प्रत्येक जण तो मनात धरून असतो, जसा आपला गायक ठेका मनात धरतो. त्यावर पियानो एकच लहानसा तुकडा घोळवत राहतो. तबल्याच्या एकल वादनाला हार्मोनियमवर जो नगमा धरतात, तसाच. आणि भोवती ज्यांना आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले काँगो-बोंगो म्हणतात ती कातड्याची वाद्ये.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतात. दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो, तेव्हा मोबाइलवर ही तबकडी घेऊन गेलो होतो. अण्णांना मी पत्र्याच्या पेटीवर क्लाव्हे वाजवून दाखवला. त्यांनी एकदा ऐकला, दोनदा ऐकला आणि स्वतः वाजवू लागले. पहिले अर्धे त्यांनी लीलया वाजवले. तीन, तीन आणि दोन असे त्याचे तुकडे पडतात. मग म्हणाले, “ह्ये तर वरातीतलं हाय की. पण मागचं अर्धं कुणी जोडलंय?” ते मागचे अर्धे त्यांना बराच वेळ पकडता आले नाही. चाळीस वर्षे ड्रम वाजवणारा माणूस अकराव्या मात्रेवर अडला, पुन्हा आला, पुन्हा अडला, आणि जमले तेव्हा लहान मुलासारखा हसला. मी क्लाव्हे शिकलो तो खरा त्या दिवशी.

वरातीत ते पहिले अर्धे कोठून आले, याचाही थोडा शोध घेतला. तीन-तीन-दोनचे खंड आपल्या लोकसंगीतातही आहेत. तेव्हा सारे क्युबातून आले असे मी म्हणणार नाही. पण मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक होते, त्यांना पाश्चात्य लिपीत संगीत लिहिता-वाचता येत होते आणि हॉटेलांच्या बँडमध्ये ते रुंबा-सांबा वाजवीत होते. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये चिक चॉकलेट हा गोमंतकीय ट्रम्पेटवादक आपल्या संचासह पडद्यावरही दिसतो. तेथून ते ठेके चित्रपटात, चित्रपटातून बँडमध्ये, आणि बँडमधून आमच्या गावच्या वरातीत उतरले. अण्णांनी हवाना शहराचे नावही ऐकलेले नाही.

आता तबकडीकडे वळू. तिच्यात नऊ रचना आहेत आणि सगळे मिळून सुमारे अर्धा तास. चेडर एरवी चार-पाच जणांच्या लहान संचात वाजवीत असे. येथे मात्र त्याच्याभोवती मोठा वाद्यवृंद आहे आणि त्याचे संयोजन लालो शिफ्रिनचे आहे. निर्माता क्रीड टेलर. शिफ्रिन हा अर्जेंटिनाचा, ब्युनोस आयर्सचा, जन्म १९३२. वडील तेथील कोलोन नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. त्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याची एक धून वाचकांनी ऐकलेली आहेच. ‘मिशन इम्पॉसिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेची १९६६ ची ती प्रसिद्ध धून त्याचीच. दहा मात्रांचे तीन-तीन-दोन-दोन असे खंड करून ती मोजून पाहावी. झपतालाची सवय असलेल्याला ती सहज मोजता येते, फक्त खंड वेगळे पडतात. ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) चे संगीतही त्याचेच. २०२५ च्या जूनमध्ये त्याचे निधन झाले.

शिफ्रिन १९५० च्या दशकात पॅरिसला शिकायला होता. त्याचे एक गुरू ओलिव्हिये मेसियाँ. आणि येथे मला एक अशी गोष्ट सापडली की मी ग्रंथालयात एकटाच खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मेसियाँने आपल्या संगीतात भारतीय देशी तालांचा उपयोग केला आहे. एका फ्रेंच ज्ञानकोशातून त्याला १२० देशी तालांची यादी मिळाली होती. ती यादी कुणाची? शार्ङ्गदेवाची, ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातली. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला होता. म्हणजे हा ग्रंथ देवगिरीचा, आपल्या दौलताबादचा! किल्ल्याची सहल आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. अंधाऱ्या भुयारातून वर जाताना आपण वटवाघळांना भ्यालो, पण या ग्रंथाविषयी कुणी बोलले नाही. या तबकडीत ते ताल आहेत, असा माझा मुळीच दावा नाही. शिफ्रिनने येथे वापरलेली भाषा जाझची आणि चित्रपटसंगीताची आहे. मी सांगतो आहे ते इतकेच, की तिचा संयोजक अशा गुरूकडे शिकला होता, ज्याने पूर्वेचा एक ग्रंथ शोभेसाठी न घेता कामासाठी उघडला होता.

आता पूर्व. रचनांची नावेच पाहा : ‘द फकीर’, ‘चेरी ब्लॉसम्स’, ‘बोर्निओ’, ‘टोकिओ ब्लूज’, ‘साँग ऑफ द यलो रिव्हर’, ‘साहिब’, ‘चायना नाइट्स’, ‘आमंड ट्री’, ‘हॉट साके’. भारत, बोर्निओ, चीन, जपान, सगळे एका पिशवीत. सर म्हणाले ते खरेच आहे. त्या काळी अमेरिकन वाद्यवृंदाला पूर्वेचा वास द्यायचा तर त्याची ठरलेली साधने होती. चीन-जपान दाखवायचे तर पाच स्वरांची चढउतार आणि घंटेसारखा नाद. अरबस्तान किंवा हिंदुस्थान दाखवायचा तर कोमल रिषभ आणि शुद्ध गांधार यांच्यामधले ते लांब अंतर, जे आपल्याला भैरवात रोज सकाळी भेटते. भैरव आपल्याला पहाटेचा वाटतो. त्यांना तो सापाच्या टोपलीचा वाटतो. याला काय म्हणावे?

‘साहिब’ या नावाशी तर माझे भांडणच आहे. तो शब्द त्यांच्या कानाला हस्तिदंती, पंख्याच्या झुळुकीचा लागत असेल. मी तो लग्नाच्या मांडवात ऐकत मोठा झालो. वरात संपलेली असते, बँडवाले घामाने थबथबलेले असतात, आणि अण्णा मुलीच्या मामासमोर उभे राहून म्हणत असतात, “साहेब, राहिलेलं तेवढं बघा की.” ती रचना ऐकताना पहिले काही दिवस मला अण्णाच दिसत. रचनेचा यात दोष नाही, हे मान्य. पण नावे ठेवणाऱ्याला त्या नावाखाली कोण उभे आहे ते दिसत नव्हते, हेही तितकेच खरे.

याच काळात हवाईहून मार्टिन डेनीच्या संचाचे संगीत अमेरिकेत फार खपत होते. त्यातही व्हायब्राफोन होता, आणि त्याला जोडून पक्ष्यांचे आवाज काढणारे वादक. दिवाणखान्यात बसून जंगलात गेल्याचा आनंद. दुसऱ्या टोकाला १९६१ मध्ये जॉन कोल्ट्रेनने ‘इंडिया’ ध्वनिमुद्रित केले. रविशंकरांच्या संगीताचा त्याच्या मनावर एवढा परिणाम होता की पुढे त्याने मुलाचे नाव ‘रवी’ ठेवले. चेडरची तबकडी या दोघांच्या मध्ये कोठेतरी आहे. कोल्ट्रेनची तळमळ तिच्यात नाही. पण पक्ष्यांचे आवाजही नाहीत.

‘टोकिओ ब्लूज’ ही होरेस सिल्व्हरची रचना, त्याच्या जपानच्या दौऱ्यानंतरची, १९६२ ची. स्वरांत जपानची छाया आणि तालात लॅटिन वळण असा त्याचा उघड प्रयत्न होता. म्हणजे या दोन गोष्टी जोडण्याची कल्पना चेडरच्या आधीही हवेत होती. ‘द फकीर’ ही शिफ्रिनची रचना. तिच्यात वाद्यवृंदाचा जोर आहे आणि तबकडीची सुरुवात म्हणून ती चोख आहे. पण माझ्या मते तेथे चेडर पाहुणा आहे, घर शिफ्रिनचे आहे.

ज्या एका रचनेसाठी ही तबकडी मी पुन्हापुन्हा लावतो, ती ‘चायना नाइट्स’. ही धून मूळची जपानी : ‘शिना नो योरू’. संगीतकार नोबुयुकी ताकेओका, आणि १९३८ मध्ये ती हमाको वातानाबे या गायिकेने गायिली. जपानी लोकप्रिय संगीतात ‘योनानुकी’ नावाची एक स्वरपंक्ती आहे. शब्दाचा अर्थच ‘चौथा आणि सातवा काढलेले’ असा होतो. मध्यम आणि निषाद काढले की काय उरते? सा रे ग प ध. आपला भूप. ‘चायना नाइट्स’ ऐकताना माझ्या कानाला प्रथम ओळख पटली ती याच वळणाची. भूपाचे स्वर, पण भूप नव्हे. कारण ते स्वर कोठे टेकायचे आणि कोठून वळायचे हे नियम वेगळे आहेत. शेजारच्या गावातला माणूस आपलीच भाषा वेगळ्या हेलात बोलावा, तसे काहीसे.

चेडर ही धून फार जपून वाजवतो. तिला सजवत नाही. स्वर वाजवला की तो पेडलवर घुमत ठेवतो आणि त्याच्या शेपटीवर पुढचा स्वर हलकेच ठेवतो, त्यामुळे मींड नसूनही दोन स्वरांत धागा राहतो. अण्णांना मी हे ऐकवले तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. संपल्यावर एवढेच म्हणाले, “हात राखून वाजवतोय गडी.” बँडवाल्याच्या तोंडी हे लहान कौतुक नाही. जोरात वाजवणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना हात राखण्याची किंमत कळते.

इथवर लिहून थांबता आले असते. पण या धुनेचा इतिहास वाचला आणि पुन्हा पेच पडला. १९३७ पासून जपान चीनशी युद्ध करीत होता. शांघाय, नानकिंग ही शहरे त्याने घेतली होती. त्या काळात जपानी माणसाने जपानी श्रोत्यांसाठी चिनी रात्रीचे हे मोहक चित्र काढले. १९४० मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. त्यात जपानी नायक एका चिनी मुलीच्या थोबाडीत मारतो आणि त्यानंतर ती त्याच्या प्रेमात पडते. चीनमध्ये या प्रसंगाचा संताप झाला, यात नवल ते काय? ती भूमिका करणारी नटी ‘री कोरान’ चिनी म्हणून ओळखली जाई. वास्तविक ती मांचुरियात जन्मलेली जपानी मुलगी, योशिको यामागुची. युद्धानंतर चीनने तिच्यावर देशद्रोहाचा खटला भरला. ती जपानी असल्याची कागदपत्रे मिळाली तेव्हा १९४६ मध्ये ती सुटली. पुढे जपानमध्ये आलेल्या अमेरिकन सैनिकांनी हीच धून उचलली, तिच्या शब्दांची थट्टा केली आणि ती आपल्या देशात नेली.

म्हणजे हिशोब असा झाला. जपानी संगीतकाराने चीनची कल्पना केली. अमेरिकन सैनिकांनी ती जपानची आठवण म्हणून घरी नेली. अर्जेंटिनाच्या संयोजकाच्या वाद्यवृंदाबरोबर स्वीडिश वंशाच्या वादकाने ती एका अमेरिकन वाद्यावर वाजवली. आणि मी ती भूप समजून ऐकली! सर, तुम्ही विचारलेत, यात पूर्वेचे काय आहे. माझे उत्तर असे आहे, की पूर्व म्हणून जिला आपण ओळखू अशी एक पूर्व यात नाही. पूर्वेनेच पूर्वेचे खोटे चित्र काढले होते, तेव्हा चेडरला एकट्याला आरोपी करून भागणार नाही. पण तुमचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. एखाद्या वृद्ध चिनी श्रोत्यापुढे मी ही तबकडी मोकळ्या मनाने लावू शकेन का? नाही. मला ती धून सुंदर वाटते आणि हे उत्तरही मला टाळता येत नाही. दोन्ही माझ्याजवळ आहेत.

मात्र एक भेद मला स्पष्ट दिसतो. क्युबन ताल चेडरने दहा वर्षे रोज वाजवला होता, त्यातल्या माणसांबरोबर वाजवला होता. म्हणून मागे काँगो-बोंगो चालू असतात तेथे तो उसना वाटत नाही. पूर्वेकडे मात्र तो पाहुणा म्हणून आला, अर्ध्या तासापुरता. उसने घेणे हा दोष असेल तर अण्णांचा बँडही दोषी आहे, आमच्या वरातीही दोषी आहेत. प्रश्न आहे तो घेतल्यावर किती दिवस जवळ ठेवले याचा, आणि ज्यांचे घेतले त्यांच्याबरोबर कधी बसलो होतो का याचा. ‘चायना नाइट्स’मध्ये चेडर निदान पाहुण्यासारखा वागतो, मोठ्याने बोलत नाही, वस्तू हलवत नाही. ‘साहिब’मध्ये तसे नाही, असे माझे मत आहे. इतरांना वेगळे वाटेल.

याच वर्षी चेडरने ‘ब्रीझ फ्रॉम द ईस्ट’ नावाची आणखी एक पूर्वेची तबकडी केली. ती हलकीफुलकी आहे. पुढे दोन्ही मिळून एकच सीडी निघाली, तेव्हा सलग ऐकून तुलना करता येते. व्यापारी यश त्याला नंतर ‘सोल सॉस’ने दिले आणि ग्रॅमी पारितोषिक ‘ला ओंदा वा बिएन’ने, दोन्हींचा पाया लॅटिनच आहे. ५ मे १९८२ रोजी मनिला येथे दौऱ्यावर असताना हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ज्या पॅसिफिकमध्ये तो तरुणपणी सैनिकांची शुश्रूषा करीत होता, त्याच्याच काठावर.

नोंदवहीतल्या त्या रकान्यात मी शेवटी ‘जाझ, लॅटिन’ असे लिहिले. ‘पौर्वात्य’ हा शब्द पेन्सिलने लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे. तबकडी ग्रंथालयात डावीकडच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. गुरुवारी दुपारी मागितल्यास मिळते. ‘चायना नाइट्स’च्या सुरुवातीला एक ओरखडा आहे आणि सुई तेथे अडते. तेव्हा झाकण न आपटता, बोटाने अगदी हलकेच पुढे सरकवावी.